शब्दाखाली टेकवलेली काठी

मी काठी बोलतेय. दचकू नका, मी मारायची काठी नव्हे. फळ्यावरच्या शब्दाखाली टेकवायची बांबूची काठी आहे मी, आणि जबलपुरात गढा भागातल्या एका लहानशा मराठी शाळेत माझं आयुष्य गेलं.

मला आणलं नंदाबाईंनी. गोहलपुरच्या सुताराकडून माझं टोक घासून घेतलं आणि त्याला लाल रंग दिला. बाईंची रीत साधी होती. माझं टोक एका शब्दाखाली ठेवायचं आणि गप्प बसायचं. मूल अडखळायचं, डोकं खाजवायचं, खिडकीबाहेर बघायचं. बाई हलायच्या नाहीत. मीच कंटाळून जायचे. मग अक्षराला अक्षर जोडत तो शब्द बाहेर पडायचा, आणि त्या मुलाचा चेहरा बघून मला माझ्या लाल टोकाचा गर्व वाटायचा.

बाई निवृत्त झाल्या आणि अंकुर सर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. आमची मुलं घरी मराठी ऐकतात, बोलतात मात्र हिंदी. एकेकाला वाचायला लावलं की तास संपतो. म्हणून सर म्हणायचे, "चलो, माझ्या मागे बोला." सर ओळ म्हणायचे, सगळा वर्ग ती सुरात म्हणायचा आणि मी टेबलावर ठेका धरायचे. वाचनाच्या तासाला मी तबलजी झाले होते. मुख्याध्यापक दारातून ऐकून खूश व्हायचे.

सगळ्यांत मोठा आवाज प्रणालीचा. पहिल्या बाकावर बसून ती ओळीवरून बोट फिरवायची. एकदा सरांनी मला एका ओळीखाली टेकवलं, तर ही भलतीच ओळ म्हणत होती. सरांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मला कोण विचारतं?

स्नेहसंमेलनात प्रणालीला शेळीचा धडा वाचायला उभं केलं. वर्गातला फळा माझ्यासकट मांडवात आणून त्यावर धडा सुरेख अक्षरात लिहिला होता. तिची आई इंदू रांझी भागातल्या आपल्या कामावरून सुट्टी काढून आली होती. पाहुण्या होत्या नंदाबाई. प्रणालीनं धडा घडाघडा म्हटला, टाळ्या पडल्या. बक्षिसाचं पुस्तक द्यायला उठलेल्या बाईंना मी दिसले. जुन्या सवयीनं त्यांनी मला उचललं आणि मधल्याच एका शब्दाखाली ठेवलं.

"बेटा, हा वाच."

शब्द होता 'कुंपण'.

"एका गावात एक शेळी होती," प्रणालीनं सुरुवात केली.

"पहिल्यापासून नको. हाच."

प्रणाली आईकडे बघू लागली. बाई थांबल्या, नेहमीसारख्या. पण तो वर्ग नव्हता, माणसांनी भरलेला मांडव होता, एवढं बाईंना कळायला हवं होतं. मागे कुणीतरी हसलं. पोरगी घाबरली म्हणत मुख्याध्यापकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

नंतर बाई सरांना म्हणाल्या की पोर हुशार आहे, पण तिला वाचता येत नाही. रोज थोडा वेळ तिला माझ्याकडे पाठवा, असंही म्हणाल्या. सर काही बोलायच्या आत इंदू मध्ये पडली.

"काहून लाजवून राहिल्या माझ्या लेकराला सर्वांसमोर? पूरा धडा तर म्हटला तिनं. मला तर माझं नावही वाचता येत नाही, बाई. आज तरी आम्हाला खुशीनं घरी जाऊ द्या."

बाईंनी मला फळ्याला टेकवलं आणि त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. मला त्यांचा राग येतो, सरांचा येतो, टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक हाताचा येतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रणाली एकटीच वर्गात आली. फळा आणि मी वर्गात परतलो होतो, पण फळा पुसलेला नव्हता. तिनं मला उचलून 'कुंपण'खाली धरलं.

"क... कु... कुं..."

आणि बरोबर आहे का, हे विचारायला तिनं मागे वळून पाहिलं. मागे रिकामे बाक होते. घंटा झाली, मुलं आत घुसली, सर म्हणाले, "चलो, अगला धडा. माझ्या मागे बोला." सगळ्यांत मोठा आवाज पुन्हा प्रणालीचाच.

आता माझं लाल टोक झिजलंय. शिपायानं मला झाडू बांधून जाळी काढायला ठेवलंय. प्रणाली वरच्या वर्गात आहे. भिंतीपलीकडून तिचा खणखणीत आवाज येतो, आणि मला तो ऐकवत नाही.

तुमच्यापुढे एखादं मूल शब्दापाशी अडलं, तर तो शब्द त्याला सांगून टाकू नका. टाळ्यांचीही घाई करू नका. नुसते त्याच्या मागे उभे राहा. ते वळून बघेल तेव्हा तिथे कुणीतरी असू द्या.