भिंतीवरची पैलवान

लॉन्ड्रीच्या मागची सुकवणीची खोली आजीने उघडली. गरम वाफेत, ओल्या चादरींच्या आड, नात अंगाला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून बसली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"अगं भवाने, हे काय आरंभलंयस?"

"वजन उतरवतेय. उद्या सकाळी काट्यावर उभं राहायचंय, आणि पाऊण किलो जास्त भरतंय."

"मग वरच्या वजनगटात खेळ की!"

"तिथल्या पोरी मला उचलून फेकतील. कुस्तीच्या संघातली निवड गेली तर वर्ष गेलं, आजी."

आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. नातीने तोंड फिरवलं.

"ती नाही प्यायली. फायनलच्या आधी थेंबसुद्धा नाही. मुलाखतीत स्वतः सांगितलंय, हसत हसत."

ती म्हणजे कोण, हे विचारायला नको होतं. इस्त्रीच्या टेबलामागे त्या नावाजलेल्या पैलवान बाईचं चित्र आजीनेच खळ लावून चिकटवलं होतं. घरातलं कुणी जरा आळसावलं की आजीचा पट्टा सुरू: "बघा तिच्याकडे, आणि घ्या काहीतरी!" आता पोरीने घेतलं, तर बोलायला तोंड कुठलं?

"तिला अडवायला तिची आजी नसेल तिथे," आजी कशीबशी म्हणाली.

"होती. पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती."

गल्लीभरच्या बायकांना गप्प करणारी आजी तडक बॉयलरकडे गेली. तिने बॉयलर बंद केला.

"आणि हॉटेलच्या चादरी?"

"गेल्या खड्ड्यात."

"ठीक. मग मी रस्त्यावर धावते." भिंतीला धरत नात उठली आणि पिशव्या सळसळवत बाहेर पडली. आजी तांब्या घेऊन, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत मागे. पण पोर कोपऱ्यापर्यंतही पोचली नाही. विजेच्या खांबाला मिठी मारून खाली बसली आणि रडायला लागली. हुंदके येत होते, डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं.

ते कोरडे डोळे पाहिले आणि आजी हादरली. लहानपणी औषध पाजायची तसं तिने पोरीचं नाक दाबलं, तांब्या तोंडाला लावला.

"गिळ. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, पण गिळ."

नातीने गिळलं. मग तिने आजीकडे असं पाहिलं, की आजीलाच मान खाली घालावी लागली. तांब्या मात्र आजीने तिच्या तोंडाचा काढला नाही.