जुन्या तिघी, नव्या तिघी

शनिवारी सकाळीच नीलमचा अकोल्याहून फोन आला. "ताई, आपल्या मालिकेतल्या चेटकिणी पुन्हा येऊन राहिल्या! नव्या नट्या, नवं सगळं. तुह्याकडं मोठा टीव्ही हाये. मी येतो, संगं पाहू."

"ये नं बाप्पा, इचारून राहिली काय?" साधना म्हणाली, फोन ठेवला आणि अमरावतीच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. एरवी धाकटी येणार म्हटलं की ही बाई आधी डाळ भिजत घालायची. त्या दिवशी डाळीचा डबा फळीवर तसाच राहिला.

त्याला कारणही तसंच होतं. बारा दिवसांपूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, तिनं अकोल्यात हक्कसोडपत्रावर सही केली होती. वडिलांच्या घरातला आपला वाटा भावाला, गजेंद्रला, सोडून दिला होता. आणि नीलमला त्याचा पत्ता नव्हता.

घर म्हणजे काही महाल नव्हे. वडिलांनी, पुंजारामनं, सूतगिरणीत जन्म घालवून बांधलेल्या तीन खोल्या. त्याच्यामागं वाटेकरी चौघं: साधना, वरुडला दिलेली चंदा, नीलम आणि गजेंद्र. नीलमला नवऱ्यानं टाकलं त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती त्याच घरात. बापाचं शेवटलं आजारपण तिनंच काढलं, हगणं-मुतणं सगळं. पुढच्या खोलीत तिची शिलाई मशीन, गल्लीतल्या बायांचे ब्लाउज, फॉल-पिको, त्यावर तिचं पोट. गजेंद्रला ते घर पाडून दुमजली बांधायचं होतं. तिघी बहिणी अडून बसल्या असत्या तर चारातले तीन वाटे त्यांचे, त्याची काय बिशाद होती हात लावायची!

पण अडून बसायचं तर आधी एकमेकींशी बोलावं लागतं. आणि तिथंच तर आपलं घोडं पेंड खातं. आपल्याकडं लेकीनं माहेरचा हिस्सा सोडायचा, भावाची साडी घ्यायची आणि गोड तोंडानं परत जायचं, ही रीत. त्यात बहिणीला फोन करून "तू सही करून राहिली का वं?" असं विचारलं, तर लगेच बोभाटा, की हिचा जीव हिश्श्यात अडकला. म्हणून कोणी विचारतच नाही. गजेंद्रनं ते बरोबर ओळखलं. चंदाला सांगितलं, ताई तयार आहे, नीलम तयार आहे. साधनाला सांगितलं, चंदानं केली, नीलमही करते म्हणाली, तुह्याच सहीपायी अडलं. दोघींनी मुकाट सह्या केल्या. आठवड्यानं चंदाचा फोन आला, "ताई, नीलू तयार होती नं?" साधना म्हणाली, "तुले सांगतलं का तिनं?" चंदा म्हणाली, "मले नाही. मले वाटलं तुले सांगतलं." म्हणजे नीलमला कोणी विचारलंच नव्हतं. माणसानं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडावा, तो असा.

नीलम दुपारी बाराला आली. साधनाचा नवरा शेखर ड्युटीवर गेलेला. जेवणं उरकून दोघी टीव्हीसमोर बसल्या.

मूळ मालिका त्यांनी पाहिली ती पंचवीस वर्षांपूर्वी, हिंदीत केलेली, दर रविवारी. परदेशातल्या तीन चेटकीण बहिणी, समुद्राकाठी एकच घर, घरात एकच न्हाणी. अर्ध्या भागात भुताखेतांशी मारामारी, अर्ध्या भागात न्हाणीत आधी कोण जाणार यावर. मोठीला वाऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, मधलीला भिंतीपलीकडचं दिसायचं, धाकटी नुसत्या नजरेनं कुलपं उघडायची. पुंजारामच्या घरात मग आठवडाभर तेच चालायचं. तेरा वर्षांची नीलम घरच्या कपाटाच्या कुलपाकडं डोळे वटारून बसायची.

नव्यातलं सगळंच निराळं. तिघी तीन गावांत वाढलेल्या, एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, आणि पहिल्यांदा भेटतात त्या वकिलाच्या टेबलावर. मेलेल्या आईचं घर कोणाला, म्हणून.

"हे काय वं?" नीलम म्हणाली. "जुन्यात घर कोणाचं, हे कोणी कधी इचारलंच नाही."

"आता दिवस बदलले," साधना म्हणाली.

"अन् जादू पाह्य. समदं आभाळ पेटवून राहिले. त्या जुन्यात भांडं उडे तं वरची दोरी दिसे. दोरी दिसे तरी खरं वाटे, ताई. यात दोरीबी दिसत नाही अन् खरंबी वाटत नाही."

"तवा तू लहान होती, नीलू. लहानपणी सगळंच खरं वाटते. मले तं हे नवं बरं वाटून राहिलं. बाया कशा असतात तसंच दाखवलं. ज्याचं त्यानं पाहावं." हे बोलताना साधनाला स्वतःचीच लाज वाटली. नवी मालिका तिलाही काडीचीही आवडली नव्हती. पण जुनीची बाजू घ्यायचं तोंड कुठं होतं तिला?

दुसऱ्या भागात मोठीनं एक पत्र लपवलं आणि धाकटीला मिठी मारली. नीलम चिडलीच. "पाह्य, पाह्य! जुनी मोठी अशी नव्हती. तिच्यानं चुकलं तं धडधडा येऊन सांगे. ही मुकी मेली पोटात ठेवून बसली."

साधना उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. सांगून टाक, सांगून टाक, असं आतून कोणी ढोसत होतं आणि ती टीव्हीच पाहत राहिली.

मग नीलमनंच रिमोट घेऊन टीव्ही थांबवला. "ताई, मी खरी एका कामासाठीच आलो. तू गजूदादाले एक फोन लाव. काल मले म्हणे, ताईनं सही देली, आता तू दे, नाहीतं तुह्या चौथाईत चूल मांड. मी तं हासलो. म्हटलं, माही ताई मले इचारल्याबिगर इकडची काडी तिकडं करत नाही. तू नुसतं त्याले सांग, की नाही देली. त्याचं तोंडच बंद होते."

हसत होती ती पोरगी. अडतीस वर्षांची बाई, पण बहिणीसमोर पोरगीच.

"देली मी, नीलू."

"काय?"

"सही. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी. तू तयार हाये म्हणे. मी इचारलं नाही. मले वाटलं, इचारलं तं..." काय वाटलं होतं? लोक काय म्हणतील, हेच. दुसरं काही नाही.

नीलमनं बोटांवर दिवस मोजले. "त्या दिवशी तं तू घरीच जेवली. मी आमरस वाढला तुले."

"हौ."

"दुसरी वाटी तू नको म्हणे. मी जबरदस्तीनं वाढली. तवा सही करून आल्ती तू?"

"हौ."

साधनानं मग फोन लावला. आता लावून काय उपयोग, पण लावला. गजेंद्र शांतपणे म्हणाला, "रजिस्टर झालं, ताई. आता कोर्टातच जा लागते. जातं का भावावर कोर्टात? माहेर तोडतं का?" साधना रडायला लागली. रडता रडता "तू खोटं बोलला रे, गजू" एवढंच तिच्या तोंडून निघालं. "मी म्हणलो अन् तू ऐकलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. लबाडानं सांगितलेलं असलं तरी ते खरं होतं. वकील करायचा तर शेखरला सांगावं लागणार, चंदाला उभं करावं लागणार, आणि चंदाच्या सासरचे तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, हे सगळं तिला तिथं सोफ्यावर बसल्या बसल्या दिसत होतं.

"रडू नको वं," नीलम म्हणाली. तीच उठली आणि तिनंच साधनाला पाणी आणून दिलं. जरा वेळानं म्हणाली, "आता तीन वाटे त्याचे, माह्या चौथाईनं काय अडते? दादा पुढच्या महिन्यात पाडाले घेते. किरायाची खोली पाहीन मी तथीच, गल्लीत. गिऱ्हाइकं सोडून कुठं जाऊ? पण खोली भेटतपर्यंत मशीन कुठं ठेवू? ताई, महिनाभर तुह्या इथं ठेवशील? कोपऱ्यात राहीन ते. मी नाही येत, नुसती मशीन."

साधनानं खोलीभर नजर फिरवली. सोफा, टीव्ही, शेखरची पुस्तकांची मांडणी, खिडकीखालचा रिकामा कोपरा. जागा होती. हो म्हणायचं होतं तिला. जीव तोडून म्हणायचं होतं. पण तोंडातून जे निघालं ते निघालंच.

"आमच्या ह्यायले इचारून सांगतो."

नीलमनं बहिणीकडं पाहिलं.

"हौ," ती म्हणाली. "आता इचार."

आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागली.