चौथा आवाज

वर्गात त्याला सगळे घुबड म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. त्या मेडिकल हॉस्टेलमध्ये झोपणं म्हणजे जवळजवळ चोरी. ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ असं सांगणाऱ्याचा मान मोठा. ‘छान झोप लागली’ म्हणणाऱ्याकडे सगळे कीव आल्यासारखे बघत. उद्या लोकांना झोपेच्या गोळ्या लिहून देणारी ही मंडळी, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडत नव्हता.

गेल्या खेपेला घुबड प्रॅक्टिकलमध्ये आपटला होता, तोही हृदय तपासताना. यंदा पुन्हा तेच झालं तर मित्र पुढे निघून जाणार आणि हा धाकट्या मुलांबरोबर त्याच बाकांवर बसणार. म्हणून त्याने नामी युक्ती काढली. दिवसभर पुस्तकं आणि अंथरुणावर पडलं की कानात इअरफोन. त्यात हृदयाच्या आवाजांचं रेकॉर्डिंग: पहिला आवाज निरोगी हृदयाचा, पुढचे बिघडलेल्या हृदयांचे. म्हणजे झोपही वाया जायला नको.

“अरे, कानात वायरी घालून कसली झोप लागणार तुला?” आई फोनवर ओरडायची.

“झोपतोय कोण, आई? अभ्यास चाललाय.”

खरं तर तिसऱ्या आवाजालाच त्याचे डोळे मिटत. पण ती झोप तरी धड कुठे होती? रात्रभर कानात कुणीतरी धडधडायचं, तो दचकून उठायचा, पुन्हा आडवा व्हायचा. सकाळी वाचलेलं दुपारी आठवेना, म्हणून तो आणखी जागायचा.

परीक्षेला त्याच्या वाट्याला खिडकीजवळच्या खाटेवरच्या एक पेशंट मावशी आल्या. स्टुलावर बसून त्याने स्टेथोस्कोप कानात घातला आणि त्यांच्या छातीवर टेकवला. लब-डब, लब-डब. नीट ऐकू यावं म्हणून त्याने डोळे मिटले, आणि घात झाला. कानात ठोके पडले की झोपायचं, हे त्यानेच तर अंगाला इतके महिने शिकवलं होतं.

“वा!”

तो दचकला. परीक्षक मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. “डोळे मिटून इतकं मन लावून ऐकणारा आज पहिलाच. बोल, काय ऐकलंस?”

तो घोरलाही असावा, कारण मावशी चादर तोंडाशी धरून हसू दाबत होत्या. “फार मन लावून ऐकत होता हो,” त्यांनी सांभाळून घेतलं.

सुटायची वाट आयती समोर आली होती. सगळं ठीक आहे म्हणून टाकावं? की एखादा आजार ठोकून द्यावा, नशिबाने लागला तर लागला? त्याने मावशींकडे पाहिलं. त्या आता हसत नव्हत्या. हा काय सांगतो, म्हणून जिवाचा कान करून बसल्या होत्या.

“मॅडम, मी ऐकलंच नाही,” तो म्हणाला. “मला झोप लागली.”

मॅडमनी हातातल्या कागदावर रेघ मारली. “मग मला मार्क देता येणार नाहीत. पुढच्या परीक्षेला ये. आणि येताना झोपून ये.” त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

‘आमचा डॉक्टर’ म्हणून मिरवणाऱ्या बाबांना आता काय सांगायचं? तो उठला, तर मावशींनी अ‍ॅप्रनची बाही धरली.

“निघालास कुठे? सकाळपासून पोरं येतात, ऐकतात, आपापसात बोलतात. मला कुणी काही सांगत नाही. तू तरी ऐक.”

“मावशी, माझी परीक्षा संपली.”

“माझी कुठे संपलीय?”

या खेपेला तो बसला नाही. उभ्यानेच वाकून, डोळे सताड उघडे ठेवून ऐकायला लागला. दोन ठोक्यांच्या मध्ये, फटीतून वारा यावा तशी बारीक फुसफुस. रेकॉर्डिंगमधला चौथा आवाज असाच असणार. तिथपर्यंत तो एकाही रात्री जागा राहिला नव्हता.

“आलं का रे ऐकू?”

“आलं, मावशी,” तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.