नऊ फूट, पोपटी

शिकागोजवळच्या तळ्यावर क्रॅपी मासा गळाला कसा लागतो, हे शैलेंद्र तीन वर्षं एकट्यानं शिकला होता. तो नागपूरचा, शिकागोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत. गळ सोडताना तो सेकंद मोजायचा. सेकंदाला एक फूट खोल. पाणी निवळ असेल तर पांढरं आमिष, गढूळ असेल तर पोपटी. ओढ लागली तरी हिसका द्यायचा नाही, कारण या माशाचे ओठ कागदासारखे फाटतात.

ऑफिसमध्ये शेजारीच बसणारा राजीव कधी तळ्याकडे फिरकला नव्हता. मासे तो खातही नसे. पण २००२च्या एप्रिलमध्ये तो अचानक म्हणाला, "यार, मलाही शिकव ना."

शैलेंद्र हरखला. मासे जमतात त्या बुडालेल्या झाडाची जागा त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती राजीवला दाखवली. "इथं नऊ फूट. पोपटी लाव." राजीवनं पहिल्याच दिवशी सहा मासे काढले.

पुढच्या शनिवारी शैलेंद्र तळ्यावर पोचला तेव्हा त्या झाडाशी एक होडी उभी होती. होडीत राजीव होता आणि त्यांचा मॅनेजर ग्रेग. ग्रेगला मासेमारीचं वेड आहे, हे शैलेंद्र सोडून सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. राजीवनं हात हलवला. बोलावलं मात्र नाही.

जूनमध्ये टीममधला एक माणूस कमी करायचं ठरलं. ग्रेगनं शैलेंद्रला केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही," एवढंच तो म्हणाला.

नोकरीबरोबर व्हिसाही गेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शैलेंद्र आणि त्याची बायको पद्मिनी भारतात परतायला घर आवरत असताना राजीवचा फोन आला.

"अरे, त्या झाडाशी काहीच लागत नाहीये. काय करू?"

क्षणभर शैलेंद्र सगळं विसरला. "पाणी तापलंय ना, मासे खाली गेले असतील. तळ्याच्या टोकाला धरणाची भिंत आहे ना, तिकडे जा, पंधरा फुटांवर सोड. पाणी कसं आहे? निवळ? मग पांढरं लाव. आणि अगदी सावकाश ओढ."

"ग्रेट यार! ग्रेग वाट बघतोय, ठेवतो." फोन बंद झाला. विमान कधीचं, हे त्यानं विचारलं नाही.

पद्मिनी हातातला टेप तसाच धरून उभी होती. "खोटं तरी सांगायचंस."

"सुचलंच नाही गं."

"तुला कधीच सुचत नाही," ती म्हणाली, आणि खोक्याला टेप लावायला लागली.

शैलेंद्र खाली गेला. गाडीच्या डिकीत त्याचे मासेमारीचे दोन रॉड होते. त्यानं ते गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. ते नुसते वाकले. शेवटी तसेच अख्खे कचऱ्याच्या पेटीत कोंबले आणि उरलेली खोकी बांधायला तो वर आला.