पेशींच्या उबेचं कपाट

मी इन्क्युबेटर बोलतोय. हळूच बोलतोय, कारण अंगात दम राहिलेला नाही. अंडी उबवणारा नव्हे हं, मी प्रयोगशाळेत पेशी सांभाळणारा. तिथले शिपाई मामा मला 'उबेचं कपाट' म्हणतात. सदतीस अंश राखण्यात माझी एकोणीस वर्षं गेली.

एवढ्या वर्षांत माणसांची एक सवय मला पक्की कळली. दार उघडायचं, बघायचं, लावायचं आणि लगेच पुन्हा उघडायचं. त्यानं पेशी भराभर वाढत नाहीत, माझ्या दाराचं रबर तेवढं झिजतं.

माझ्याकडच्या शेवटच्या पेशी पिट्युटरीच्या होत्या. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्या. मेंदूकडून एक संप्रेरक निरोप घेऊन येतं. तो ऐकून या पेशी पुढची संप्रेरकं बनवतात, आणि त्यांच्यावर स्त्रीबीज, पुरुषबीज, सगळा पुढचा संसार अवलंबून. त्या पेशी वाढवत होती ताई, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाची. संप्रेरकाचा थेंब टाकल्यावर निरोप पेशीच्या आत पोचला, तर ताईच्या तपासणीच्या फिल्मवर काळी रेघ उमटायची.

यंदा ती उमटेचना. सहा वेळा करून झालं. शेवटी तिच्या मार्गदर्शक मॅडमनी हात टेकले. "महिनाअखेर रेघ दिसली नाही, तर हा विषय बंद."

चार वर्षं पाण्यात जायची वेळ आली. ताईची नजर माझ्याकडे वळली. "मॅडम, हा इन्क्युबेटरच जुना झालाय. पेशींना यातच त्रास होतोय."

फुटलं खापर! माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागली आणि रवानगी झाली जिन्याखाली. फार लागलं मला ते. नवं कपाट आलं, चकचकीत. त्यातही रेघ उमटली नाही.

त्या दुपारी ताई माझ्या शेजारच्या पायरीवर येऊन रडत बसली. मामा पाणी घेऊन आले.

"ताई, एक विचारू? त्या पांढऱ्या बाटलीतले दोन थेंब रोज पेशींत कसले टाकता?"

"ऑक्सिजनचे तापट रेणू असतात ना मामा, ते पेशींना जाळतात. त्यांना विझवायचं औषध. कपाट जुनं, पेशींना बाधू नये म्हणून यंदा सुरू केलं."

"पण आता तर नवं आहे."

"हात वळतो आपोआप."

"वहीत लिहिलंय?"

"दोन थेंबांचं काय लिहायचं, मामा?" एवढं बोलून ती थांबली. मग ताडकन उठली. "अहो मामा, मी निरोपच विझवत असेन तर?"

तिनं मला पुन्हा आत न्यायला लावलं. "आळ मी घेतला होता. दोन्ही कपाटांत करून बघते." औषधाविना वाढवलेल्या पेशी थोड्या माझ्याकडे ठेवल्या, थोड्या नव्याकडे.

रेघ उमटली. दोन्हीकडे, सारखी काळीभोर. निरोप आला की पेशी स्वतःच आपल्या भिंतीशी ते तापट रेणू चिमूटभर तयार करते. त्यांच्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात आणि निरोप आत सरकतो. फार झाले तर पेशी जळते, अजिबात नसले तर निरोप उंबऱ्यावरच ताटकळतो. ताईनं मायेपोटी तो चिमूटभर तापही राहू दिला नव्हता.

मॅडमनी फिल्म उजेडात धरली. बराच वेळ बघितली. "बंद कसला करायचा? आता हाच तुझा विषय."

ताईनं चिठ्ठी नखानं खरवडून काढली. तरी भंगारवाला उद्या येणारच आहे. जुना तर मी आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. थकलोय, सुटेन. फक्त एक सांगतो, मायेनं टाकलेले दोन थेंबसुद्धा वहीत लिहीत जा.

आज संध्याकाळी ताई आली. माझं रिकामं दार उघडलं, आत बघितलं, लावलं आणि लगेच पुन्हा उघडलं. रबर झिजतं म्हणून मी काही कुरकुरलो नाही.