गार पाण्यात धुतलेली फडकी

मेले ते पाहुणे काही हलेनात. स्पेनकडच्या कॅस्टिलहून आलेला बिशप, त्याचा दुभाष्या आणि काळ्या झग्यातली ती उर्राकाबाई, तिघांनी इंग्लंडात आमच्या मार्लबरोच्या किल्ल्यात असं ठाण मांडलं होतं की आमचा स्वयंपाकी त्यांच्या नावानं रोज बोटं मोडायचा. त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की राजाची थोरली लेक अवेलिना शहाणी झाली की नाही. झाली असेल तर वारा चांगला आहे तोवर तिला जहाजात घालायची आणि नेऊन त्यांच्या युवराजाच्या गळ्यात बांधायची.

युवराज कसला, चाळिशीचा बाप्या! दोन बायका बाळंतपणात गेल्या त्याच्या, दुसरी तर पंधराचीही नव्हती. आणि माझ्या अवाला आत्ता कुठे बारावं सरलेलं, मनगटं अशी की माझ्या दोन बोटांत मावावीत.

मी हाविस, तिची दाई. धाकट्या रोहेसच्या वेळी राणीसाहेब गेल्या, तेव्हापासून दोघी पोरी माझ्याच अंगाखांद्यावर वाढल्या. रोहेसला आता पाचवं लागलंय. बाळंतपण काय असतं ते त्या रात्री मी डोळ्यांनी पाहिलंय, मला कोणी शिकवायला नको.

उर्राकाबाई रोज सकाळी दाराशी यायची. दुभाष्या बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा आणि भिंतीकडे बघत विचारायचा, "आलं का न्हाण?"

"नाही हो," मी म्हणायची. "अजून लेकरू आहे ते."

साफ खोटं! नाताळच्या आधीच आलं होतं. फडकी मी परटिणीला देतच नव्हते. झग्याखाली लपवून गिरणीमागच्या ओढ्यावर न्यायची आणि राख लावून गार पाण्यात चोळत बसायची. थंडीनं हात फुटले. गुन्निल्ड परटीण एकदा तिथे आलीच.

"काय गं हाविस, राजानं मला काढून तुला ठेवलं की काय?"

"तुझ्या हातचं कापड पिवळं पडतं. म्हणून माझं मीच धुते."

"हो का? मग तोंडही धुऊन घे जरा, पांढरंफटक पडलंय!"

मी हसले, पण घास गोड लागेना. जिन्यावर पाऊल वाजलं की ओली फडकी गादीखाली सारायची. अवाचं तर विचारूच नका. खिडकी ते दार, दार ते खिडकी, दिवसभर येरझाऱ्या. नखं कुरतडून बोटांची वाट लावली होती पोरीनं.

"दाई, असं किती दिवस?"

"तुझी हाडं भरेपर्यंत."

"तोवर ते इथेच बसणार?"

"कंटाळतील आणि जातील."

मला खरंच तसं वाटत होतं. पण एके दुपारी उर्राकाबाई आली ती मला काही विचारेचना. तिनं रोहेसला जवळ घेतलं, तोंड उघडायला लावून दात पाहिले. मग आपल्या भाषेतले दोन शब्द म्हणून दाखवले. रोहेसनं ते जसेच्या तसे म्हटले आणि ती खुदकन हसली. बाईनं तिला साखरेतला बदाम दिला, तशी ती आणखी शब्द मागायला लागली.

अवा चालता चालता थांबली.

"थोरली तयार नसेल तर धाकटी चालेल," दुभाष्या म्हणाला. "आमच्याच घरी वाढेल. भाषा लवकर शिकेल, इथलं सगळं विसरेल. महाराजांची हरकत नाही. उद्या सभागृहात लग्नाचं वचन होईल."

करायला गेले एक आणि झालं भलतंच! रात्रभर अवानं रोहेसला कुशीतून सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बिशपनं रोहेसचा हात धरण्यासाठी हात पुढे केला आणि अवा मध्ये येऊन उभी राहिली.

"हिला नाही, मला न्या. मी शहाणी झालेय."

उर्राकाबाई फिस्कन हसली. दुभाष्यानं सांगितलं, "बाई म्हणतात, परवापर्यंत तर नव्हती."

"माझ्या दाईला विचारा."

राजा माझ्याकडे वळला. "हाविस, खरं काय ते बोल."

नाही म्हटलं तर धाकटी जाणार. हो म्हटलं तर थोरली, आणि राजाशी खोटं बोलले म्हणून माझ्या पाठीची साल निघणार ती वेगळीच. पाठीचं मला काही नव्हतं हो. पण ज्या तोंडानं तिला अंगाई म्हटली त्याच तोंडानं तिला पाठवायचं? अवा माझ्याकडे टक लावून बघत होती. मान किंचित हलवली तिनं. रोहेस तिच्या झग्याला धरून नवे शब्द पुटपुटत होती.

"झालीय, महाराज," मी म्हणाले. "नाताळच्या आधीपासून."

"आणि लपवलंस?"

"मीच तिला शपथ घातली होती, बाबा," अवा म्हणाली. तेही खोटंच! माझ्याकडूनच शिकली होती, आणि त्यानंच माझी पाठ वाचली.

जहाज लगेच सुटणार होतं. इथली दाई तिकडे नको, असं उर्राकाबाईनं बजावलं. मी पेटी भरायला बसले. लोकरी मोजे, कंगवा, आणि तळाशी ती धुतलेली फडकी.

"गार पाण्यातच धुवायची हं. गरम पाण्यानं डाग बसतो."

"दाई, मी आता राणी होणार. मला कोण धुवायला लावतंय?" असं म्हणून ती हसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मीही रडले, का नाही रडायचं?

मग तिनं नाक पुसलं, तळातली निम्मी फडकी बाहेर काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"ही रोहेससाठी ठेव. तिची वेळ आली की तूही असंच ओढ्यावर जा. आणि कोणी काहीही म्हणू दे, तू नाहीच म्हण. तेव्हा मध्ये उभं राहायला मी इथे नसेन."

फडकी मी झग्याखाली लपवली आणि पेटीचं झाकण लावलं.