मुक्कामी कोणी न्हाई

लोहगडवाडीत पोलीस ओळखायला वर्दी लागत नाही. तो साध्या कपड्यांत येऊ दे, मोटरसायकल लांब लावू दे, गॉगल घालू दे. पायातल्या तपकिरी बुटांवरून नंदाबाई त्याला बरोब्बर हेरायची. गडाच्या पायथ्याशी तिचं चहा-पिठल्याचं हॉटेल आणि मागं दोन खोल्या. शनिवार-रविवारी तिथं ट्रेकवाली पोरं झोपायची. त्यांची कुठं नोंद नव्हती, आणि परवानगीचं तर नावच काढू नका. म्हणून बूट दिसले की अख्ख्या वाडीचं एकच उत्तर ठरलेलं असायचं.

त्या मंगळवारी सकाळी बूट आले. बाकड्यावर बसले, चहा मागितला, आणि अर्धा कप पिऊन झाल्यावर हवालदारानं सहज विचारलं, "मावशी, इथं एक परदेशी पासपोर्टवाली मुलगी राहते ना?"

नंदाबाईनं हातातली किटली खाली ठेवली. परदेशी! आपल्याकडची पोरं झोपवली तर नुसता दम मिळतो, परदेशी माणूस विनानोंद ठेवला म्हटल्यावर हॉटेलालाच टाळं.

"परदेशी? आन् हितं? कुनी सांगितलं तुमाला?" तिनं पदर खोचला. "मुक्कामी कोणी न्हाई सायेब. येत्यात, च्या पित्यात, गड बघत्यात, दिस मावळायच्या आत खाली. शालन, सांग की गं सायबास्नी!"

शेजारच्या टपरीत शालन भजी तळत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. "कोणी न्हाई सायेब!"

हवालदारानं डायरीत काहीतरी खरडलं, "बरं," म्हणाला आणि गेला. नंदाबाईनं खुशीत कप विसळले. कसा परतवला!

थोड्या वेळानं राजेश्वरी गडावरून पळत उतरली. ही नंदाबाईच्या भावाची लेक. भाऊ लोणावळ्याच्या हॉटेलात आचारी होता, तिथून विलायतेत लेस्टरला गेला आणि तिथलाच झाला. पोरगी तिथं जन्मली, पासपोर्टही तिथलाच. पण लहानपणापासून दर सुट्टीत ती वाडीत यायची आणि न्याहारीच्या आधी गड चढून उतरायची. तिकडचा सपाट रस्ता तिला कधी रुचलाच नाही. डोंगरावरच्या शर्यतीत पळायचं आणि तेही भारताकडून, हे वेड तिनं घेतलं होतं.

लोणावळ्याच्या वकीलबाई प्रेरणाताईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "तुझं ते ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते, त्यावर इथं राहता येतं, नोकरी करता येते, घर घेता येतं. भारताची जर्सी मात्र घालता येत नाही. त्याला भारताचाच पासपोर्ट लागतो. आधी सलग वर्षभर इथं राहा, मग अर्ज, मग पोलिसांची चौकशी, आणि शेवटी तो जुना पासपोर्ट परत करायचा."

पोरगी राहिली वर्षभर. अर्जही गेला. आता चौकशी होणार हे नंदाबाईला चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यातली चौकशी म्हणजे पांढरी जीप, दिल्लीचे साहेब. त्यांच्यासाठी तिनं पुरणपोळीचा बेतसुद्धा ठरवला होता. मोटरसायकलवरून एकटा येऊन चहा पितो त्याला ती धाडच म्हणायची.

"कोण आलं होतं गं आत्या?" राजेश्वरीनं पाणी पीत विचारलं.

"पोलीस. पर असा घालवलाय! ईचारत हुता, परदेशी पासपोर्टवाली मुलगी हितं..." आणि नंदाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"आत्या, अगं, ते माझ्यासाठी आले होते!" राजेश्वरीचा चेहरा पांढरा पडला. "मी इथं राहतच नाही असं लिहून देतील ते. मग अर्जच गेला. आणि भारताच्या संघाची यंदाची निवडही गेली."

"आगं माझे बये! काय करून बसले मी!" नंदाबाईनं कपाळावर हात मारला. "आत्ताच गेलाय गं, खिंड उतरत असंल..."

हे ऐकायला राजेश्वरी तिथं होतीच कुठं? नंदाबाई धापा टाकत कड्याच्या तोंडाशी पोचली. खाली डांबरी रस्ता वळणं घेत भाजे गावाकडं उतरत होता, आणि खड्डे चुकवत मोटरसायकल रमतगमत चाललेली. जंगलातून सरळ खाली जाते ती मोळीवाल्यांची वाट. तिच्या तोंडाशी करवंदीच्या जाळ्या, पाटी-बिटी काही नाही. त्या झाडीत राजेश्वरीचा लाल शर्ट दिसायचा, हरवायचा, पुन्हा भलताच खाली दिसायचा.

"पळ गं माझी बाय, पळ!" नंदाबाई घसा फोडून ओरडली. हात आपोआप जोडले गेले होते.

शेवटच्या वळणावर लाल शर्ट आधी पोचला. दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला. मोटरसायकल थांबली.

दोघं परत वर आले तेव्हा पोरगी मागं बसलेली, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. हवालदारानं गॉगल काढला. "मावशी, मगाशी खोटं बोललात, की आता बोलणार आहात?"

पोरगी राहते म्हणावं, तर खोल्यांचं सगळंच उघडं पडतं. नंदाबाईनं राजेश्वरीकडं पाहिलं.

"मगाशी बोलले. माझ्या भावाची लेक हाय. वरीस झालं, मागच्या खोलीत ऱ्हाती. दुसऱ्या खोलीत ट्रेकवाली झोपत्यात, नोंद न्हाई, परवानगी न्हाई. ते बी लिवा. टाळं लावा हाटेलाला, पर पोरीचं खरं लिवा."

"शेजारी कोणी सांगेल?"

"शालन, सांग की गं सायबास्नी!"

"कोणी न्हाई सायेब!" शालन टपरीतून ओरडली.

"आगं मेले, आता खरं सांगायचंय!"

हवालदाराला हसू आवरेना. "राहू द्या. भाजे माझी सासुरवाडी, तरी ही वाट मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळली. पाहुणी असती तर मोबाईल बघत डांबरीनं आली असती." त्यानं शालनला बोलावून नीट विचारलं, तिची सही घेतली, मग राजेश्वरीकडं वळला. "पुढं आई-वडिलांना भेटायला जायचं तरी व्हिसा काढावा लागेल. माहितीय ना?"

"माहितीय," ती म्हणाली.

नंदाबाईला एकदम भरून आलं. भाऊ विलायतेला गेला तेव्हापासून या घरात पाहुणा म्हणूनच येत होता. आता त्याची लेक त्याच्या घरी पाहुणी होणार. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"आणि मावशी," मोटरसायकलला किक मारत हवालदार म्हणाला, "खोलीची परवानगी काढून घ्या. पुढच्या वेळी मी त्यासाठीच येईन."

नंदाबाईनं ती काढली. पोरीचं नागरिकत्वाचं पत्र आलं, जुना पासपोर्ट गेला. निवडीच्या शर्यतीत राजेश्वरी दुसरी आली आणि वाडीत शालननं सगळ्यांना फुकट भजी वाटली.

परवा दोन पोरं पाठीवर पिशव्या घेऊन हॉटेलात आली. "मावशी, मुक्कामाला दोन खोल्या मिळतील का?"

"एकच हाय. आधार दावा, हितं नाव लिवा."

"मागची रिकामी दिसतेय की."

"रिकामी न्हाई ती," नंदाबाई म्हणाली. "आमची पोरगी ऱ्हाती तितं. पळायला परदेशात गेलीया. येईल."